लिचेस आठ महिने वापरल्यावर: नवी मुलं येतात, पण टिकतात कशामुळे?

२०२५च्या जुलैत नागपूरच्या दिव्या देशमुखने जॉर्जियातल्या बातुमीत कोनेरू हंपीला हरवून महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक जिंकला. पुढच्याच रविवारी सांगलीतल्या आमच्या वाचनालयाच्या खोलीत सतरंजी अपुरी पडली. एरवी सात-आठ मुलं यायची, त्या दिवशी एकवीस आली. पट मात्र पाचच. ऑनलाइनकडे वळलो ते या अडचणीमुळे. तेव्हापासून आम्ही लिचेस ही ऑनलाइन बुद्धिबळाची साइट वापरतो आहोत. मी काही प्रशिक्षक नाही. बँकेतून निवृत्त झालो आणि रविवारी मुलांना बुद्धिबळ शिकवतो, एवढंच.

साइट फुकट आहे, जाहिराती नाहीत, कोडी लाखोंनी आहेत, हे तुम्ही वाचलं असेल. ते सगळं खरं आहे. थिबो द्युप्लेसी या फ्रेंच प्रोग्रॅमरने २०१० साली ती सुरू केली. आज फ्रान्समधली एक ना-नफा संस्था ती देणग्यांवर चालवते. देणगी देणाऱ्याच्या नावाशेजारी छोट्या पंखांचं चिन्ह येतं, पण खेळायला त्याला आमच्यापेक्षा जास्त काही मिळत नाही. आम्हाला याचं मोल लवकर कळलं, कारण त्याआधी एका दुसऱ्या अ‍ॅपवर दोन आठवडे काढले होते. तिथे दोन-तीन कोडी सोडवली की पैसे मागणारी पाटी यायची आणि घरोघरी हट्ट सुरू व्हायचा.

पण गणपतीपर्यंत लिचेसवर आलेल्या एकवीसपैकी नऊ मुलं गळाली. साइट चांगली, मुलं हौशी, तरी गळाली. त्याचं कारण शोधण्यात माझे पुढचे दोन महिने गेले.

चूक माझी होती. ‘खातं उघडा आणि दहा मिनिटांचा डाव लावा,’ एवढंच मी सांगितलं होतं. लिचेसवर नव्या खात्याचं रेटिंग, म्हणजे खेळाडूची ताकद सांगणारा आकडा, १५०० पासून सुरू होतं. शेजारी प्रश्नचिन्ह असतं, म्हणजे आकडा अजून कच्चा आहे. ग्लिको-२ नावाची पद्धत पहिल्या काही डावांत तो झपाट्याने वर-खाली करते आणि दहा-पंधरा डावांत तुम्हाला तुमच्या जागी आणून बसवते. हिशेब म्हणून हे योग्यच आहे, कुठून तरी सुरुवात करावीच लागते. पण घोडा अडीच घरं जातो हे पंधरा दिवसांपूर्वी शिकलेल्या पोराला समोर येतो तो १५००च्या आसपासचा मुरलेला खेळाडू. चौथीतला एक मुलगा पहिल्या संध्याकाळी ओळीने आठ डाव हरला, त्यातले तीन दहा चालींच्या आत. प्रत्येक हारीला आकडा शंभर-शंभरने घसरताना त्याने पाहिला. मोठा माणूस हे सोसून घेईल. तो मुलगा परत आला नाही. त्याच्या आईने फोनवर सांगितलं, “काका, त्याला वाटतंय की त्याला डोकंच नाही.”

ते वाक्य ऐकून मी सगळं नव्याने मांडलं.

लिचेसवर शिक्षकांसाठी वर्गाची सोय आहे. आधी शिक्षक म्हणून अर्ज करायचा, मग मुलांची खाती आपणच उघडायची. मुलाचा ईमेल लागत नाही, पासवर्ड विसरला तर आपणच नवा देतो. या खात्यांवर किड मोड चालू असतो, म्हणजे अनोळखी माणूस मुलाला निरोप पाठवू शकत नाही. पालकांच्या सभेत सर्वांत जास्त प्रश्न यावरच आले आणि मोबाइल मुलांच्या हाती मिळाला तो याच उत्तरामुळे. भाषेच्या यादीत मराठी आहे, तीही लावून दिली.

मग क्रम ठरवला. पहिले दोन आठवडे फक्त ‘शिका’ विभाग. त्यात आधी हत्ती, मग उंट, वजीर, राजा, घोडा, प्यादे, अशी एकेका मोहऱ्याची ओळख होते. पटावरचे तारे गोळा करायचे, समोर कोणी नाही, हरणं नाही. नंतर एका चालीत मात करायची कोडी, तीही सर्वांत सोप्या पातळीवर. मग संगणकाशी पहिल्या पातळीचे डाव. पातळ्या आठ आहेत. पहिलीवर तो वजीरसुद्धा फुकट देतो, आणि पोराला आयुष्यातली पहिली मात करायला मिळते. एवढं झाल्यावरच माणसाशी डाव, तोही वर्गातल्याच.

खरा फरक पडला तो दर शुक्रवारी साडेसातच्या स्पर्धेने. पासवर्ड लावून अरीना, म्हणजे ठरलेल्या वेळात डावामागून डाव खेळायची स्पर्धा, कोणीही भरवू शकतो. आम्ही ती बिनरेटिंगची ठेवतो, पाऊण तासाची. अरीनात कोणी बाद होत नाही. हरलास की लगेच पुढचा प्रतिस्पर्धी मिळतो, आणि जोड्या साधारण गुणांप्रमाणे लागत असल्याने तळातल्या मुलांची गाठ तळातल्यांशीच पडते. त्यामुळे शेवटच्या मुलाच्या खात्यावरही एखादा विजय असतोच. दुसऱ्या दिवशी शाळेत त्या डावांची चर्चा होते. साइट अख्ख्या जगातले खेळाडू देते, पण नव्या मुलाला आधी हवी असतात ओळखीची चार नावं. गळालेल्या नऊपैकी पाच जण शुक्रवारच्या गप्पा ऐकूनच परतले. त्यात तो चौथीतला मुलगाही होता.

आणखी एक गोष्ट कोणी सांगत नाही. जिंकणारी मुलंही थांबतात. आमच्यातली सर्वांत हुशार मुलगी १२०० वर पोचली आणि महिनाभर तिने डावच लावला नाही. रेटिंग पडेल म्हणून! सेटिंगमध्ये सगळ्यांची रेटिंग लपवायचा पर्याय आहे, तो मी तिला दाखवला. आकडे दिसेनासे झाले आणि ती पुन्हा खेळायला लागली. आता नव्या मुलांचं खातं मी तसंच सुरू करतो.

नियमांचे वादही ऑनलाइन लवकर मिटतात. एका मुलाचं प्यादं अँ पासाँने मारलं गेलं (प्यादं पहिल्या चालीला दोन घरं जाऊन शेजारी आलं, तर ते एकच घर गेल्यासारखं लगेच मारता येतं, तो नियम), तर तो आजोबांना घेऊनच आला. आजोबा देशी पद्धतीने खेळलेले, तिथे प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर जातं, मग असल्या मारण्याचा प्रश्नच येत नाही. त्यांना साइटवरचा धडा उघडून दिला. त्यांनी तो शांतपणे पूर्ण केला, आणि आता नातवाबरोबर त्यांचा पत्रव्यवहारी डाव चालू आहे, एका चालीला तीन दिवस.

हा पत्रव्यवहारी प्रकार आमच्याकडे फार उपयोगी पडला. बहुतेक घरांत फोन एकच, तोही वडील कामावरून आल्यावर मिळणारा. दहा मिनिटांच्या डावात मधेच फोन गेला की डाव हरला, आणि वारंवार असे डाव सोडले तर साइट काही काळ खेळू देत नाही. समोरच्या खेळाडूच्या बाजूने पाहिलं तर ते बरोबरच आहे. दिवसाला एक-दोन चाली करायला मात्र पाच मिनिटं पुरतात. मुलांना मी आणखी एक बटण दाखवलं आहे: समोरच्याच्या घड्याळात पंधरा सेकंद वाढवून द्यायचं. नवख्याशी खेळताना ते दाबायचं, हा आमच्या वर्गाचा नियम.

साइटकडून मला एकच हवं आहे: खातं उघडताना ‘चाली माहीत आहेत का?’ एवढं ठळकपणे विचारावं आणि नसतील तर थेट धड्यांवर न्यावं. शिक्षक जवळ नसलेलं मूल तिथे एकटंच असतं.

आज सतरा मुलं आहेत. मेच्या सुट्टीत नवी तुकडी घेतो आहे. त्यांच्याशी संगणकानंतरचे पहिले डाव जुनी मुलं खेळणार आहेत, वजीर न घेता. पटाची तशी मांडणी साइटवर करता येते, आणि ती कशी करायची ते चौथीतल्या त्या मुलाने शोधून काढलं.