‘कॅपिटॉल पनिशमेंट’: उलटी लावलेली सीडी आणि एक पिवळी वायर

मेगाडेथ या अमेरिकन मेटल बँडची ‘कॅपिटॉल पनिशमेंट’ ही निवडक गाण्यांची सीडी पावसाळ्याच्या तोंडावर गाडीत लावली, आता दिवाळी होऊन गेली. कोथरूड ते हिंजवडी आणि परत, रोज हीच सीडी. त्यामुळे आता तिच्याबद्दल ठामपणे बोलायला हरकत नाही. बँड कुठला, गाणी कुठली हे वाचणाऱ्यांना ठाऊक असणारच, ते उगाळत बसत नाही. मला बोलायचंय ते गाण्यांच्या क्रमाबद्दल. एवढ्या महिन्यांत या सीडीने जो काही ताप दिला आणि जो काही आनंद दिला, तो सगळा त्या क्रमापायी.

क्रम उलटा आहे, नव्याकडून जुन्याकडे. २००० साली मुद्दाम रेकॉर्ड केलेली दोन नवी गाणी सगळ्यात आधी. मग १९९९ च्या ‘रिस्क’ अल्बममधलं एक, १९९७ च्या ‘क्रिप्टिक रायटिंग्ज’मधली तीन, त्यानंतर ‘युथेनेशिया’, ‘काउंटडाउन टू एक्स्टिंक्शन’ आणि ‘रस्ट इन पीस’ यांतली दोन-दोन. तळाशी ‘इन माय डार्केस्ट अवर’ आणि अगदी शेवटी ‘पीस सेल्स’. म्हणजे चौदापैकी पहिली सहा १९९७ ते २००० या काळातली, आणि ज्या काळात या बँडने थ्रॅशमध्ये, म्हणजे वेगवान, आक्रमक मेटलमध्ये आपली जागा मिळवली त्या १९८६ ते १९९० च्या वाट्याला फक्त चार, तीही पार मागे. ‘होली वॉर्स’ बारावं आहे. सीडी सुरू केल्यापासून पाऊण तास उलटल्याशिवाय ते येत नाही. पंगतीत आधी ताकभात वाढावा आणि पुरणपोळीसाठी ताटकळत ठेवावं, तसं हे झालं.

आता कुणी म्हणेल, नेक्स्टचं बटण दाब की. दाबता येतं. पण क्रम लावणाऱ्याने काहीतरी ठरवून लावलेला असतो आणि मी सीडी पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकतो. पैसे चौदा गाण्यांचे दिलेत, तर चौदाही ऐकणार. जुन्या सीड्या विकणाऱ्या एका माणसाकडून तीनशे रुपयांना घेतली, केस तडकलेली होती, आतलं पुस्तक मात्र शाबूत. दर महिन्याला पैसे भरून गाणी ऐकायची आणि भरणं थांबलं की गाणी गायब, हा व्यवहार मला पटलेला नाही आणि पटणारही नाही.

क्रमाचा त्रास खरा वाढला तो गाडीच्या डेकमुळे. मे महिन्यात बॅटरी रात्रीत उतरायला लागली म्हणून एका दुकानात गाडी दाखवली. त्यांनी काहीतरी केलं, बॅटरी उतरणं थोडं कमी झालं, बिल घेतलं. त्यानंतर मी ही सीडी लावली आणि लक्षात आलं की डेकला काही आठवतच नाही. गाडी बंद करून परत चालू केली की सीडी पहिल्या गाण्यापासून. पेट्रोल भरायला थांबलो, ‘किल द किंग’. भाजी घ्यायला थांबलो, परत ‘किल द किंग’. घड्याळ कायम बारावर, रेडिओची स्टेशनं पुसलेली. घर ते ऑफिस रस्ता मोकळा असेल तर मी ‘हँगर १८’पर्यंत कसाबसा पोचायचो आणि गाडी पार्क करायची वेळ यायची. ‘होली वॉर्स’ ऐकायला मिळायचं ते भूमकर चौकात गाड्या तुंबल्या तरच.

परत दुकानात गेलो. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, “काका, सीडी खराब असेल.” मी म्हटलं, सीडीचा आणि घड्याळाचा काय संबंध? तर म्हणाला, “सीडीचा जमाना गेला काका, ब्लूटूथवाला बसवून टाका, साडेचार हजारात करून देतो.” मालकांशी बोललो, त्यांनीही तीच टेप लावली. आमच्या हातून काही बिघडलेलंच नाही, डेक जुना झालाय. दोन-तीन हेलपाटे झाले, आवाज चढले, हाती काही लागलं नाही. चालू डेक काढून नवा घ्यायला लावणं याला मी दुरुस्ती म्हणत नाही.

शेवटी घराजवळच्या गॅरेजशेजारी बसणाऱ्या ऑटो इलेक्ट्रिशियनने पत्र्याच्या दोन पट्ट्या घालून डेक ओढून बाहेर काढला आणि मागची चिकटपट्टी सोडवून दाखवली. डेकला दोन ठिकाणांहून वीज लागते. पिवळी वायर थेट बॅटरीला, ती गाडी बंद असतानाही चालू राहते आणि तिच्यावरच घड्याळ, स्टेशनं आणि सीडी कुठे थांबली ते लक्षात राहतं. लाल वायर किल्लीला. दुकानदाराने पिवळी कापून लालला पिळून टाकली होती, वर काळी पट्टी. किल्ली फिरवून बंद केलं की डेक पूर्ण मेला. बॅटरी उतरायचं मूळ कारण डिकीतला दिवा होता, झाकण लावल्यावरही तो पेटलेलाच राहायचा. दोनशे रुपयांत दोन्ही कामं झाली. ज्यांच्या डेकची स्मरणशक्ती गेलीय त्यांनी नवीन घेण्याआधी पिवळी वायर तपासावी.

पण त्या पुसट स्मरणशक्तीच्या महिन्यांत पहिली पाच-सहा गाणी मी इतक्या वेळा ऐकली, की मेगाडेथच्या मी टाळत आलेल्या काळाशी ओळख झाली. सुरुवातीला ‘किल द किंग’ म्हणजे मला नव्या मालाची जाहिरात वाटायची. कॅपिटॉल या कंपनीबरोबरचा करार संपत होता, हे त्यांच्याकडचं शेवटचं काम, तेव्हा दोन नवी गाणी टाकून जुन्या चाहत्यांना परत खिसा हलवायला लावायचं, असा हिशोब दिसायचा. ‘ड्रेड अँड द फ्युजिटिव्ह माइंड’ पुढच्याच वर्षी ‘द वर्ल्ड नीड्स अ हिरो’वर जसंच्या तसं आलं, म्हणजे तो अल्बम ज्याने घेतला त्याने या गाण्याचे दोनदा पैसे मोजले. ही तक्रार अजून तशीच आहे.

‘किल द किंग’बद्दल मात्र मत बदललं. गिटारवादक मार्टी फ्रीडमन नुकताच बाहेर पडलेला, त्याच्या जागी अल पिट्रेली, ड्रमवर जिमी डिग्रासो. या चमूने ‘रिस्क’नंतर लगेच एवढं कसलेलं गाणं दिलं, यातली जिद्द रोज ऐकल्यावर कळते. रिफ, म्हणजे परत परत येणारी गिटारची ओळ, कोरडा आहे, बँडचा गायक-गिटारवादक डेव्ह मस्टेनचा आवाज दात आवळून आल्यासारखा, आणि कुठेही रेडिओसाठी गुळगुळीत केलेलं नाही. ‘क्रश एम’ मात्र कितीही वेळा ऐका, उभं राहत नाही. खेळाच्या मैदानात वाजावं म्हणून केलेलं गाणं आहे, ते मैदानातच बरं. गाडीत त्याची पाच मिनिटं लांबच लांब वाटतात.

‘ट्रस्ट’ने मात्र मला जिंकलं. कंट्री संगीताच्या नॅशव्हिलला, निर्माता डॅन हफबरोबर केलेलं काम म्हणून मी त्याच्याकडे नाक मुरडून बघायचो. सुरुवातीला एकटे ड्रम, मग हळूहळू बाकीचे येतात, आणि मधल्या भागात सगळं खाली उतरून फक्त गिटारच्या तारांची किणकिण उरते. अमेरिकेच्या रॉक रेडिओवर हे पाचव्या नंबरपर्यंत गेलं होतं. ते का गेलं, हे चांदणी चौकाचा चढ चढताना रोज ऐकल्यावर पटतं. माझी मुलगी दहावीत आहे, क्लासला सोडताना ती पुढच्या सीटवर असते. तिला ‘पीस सेल्स’ ऐकवायचं म्हणून मी धडपडत होतो, पण क्लास जवळ, तिथवर पोचायचोच नाही. तिने आपणहून “बाबा, ते ड्रमवालं परत लावा ना” म्हटलं ते ‘ट्रस्ट’साठी.

वायर जुळल्यावर सीडी जिथे थांबली तिथून पुढे चालू व्हायला लागली आणि तेव्हा क्रमाचा दुसरा अर्थ ऐकू आला. उलट जाताना गाणी अवघड होत जातात. १९९२ साली ‘काउंटडाउन’ अमेरिकेच्या यादीत थेट दुसऱ्या क्रमांकावर उतरला, तो ‘सिम्फनी ऑफ डिस्ट्रक्शन’सारख्या रिफांच्या जोरावर. मोजके सूर, मध्यम चाल, गिटार नुकती हातात घेतलेल्या पोरालाही बसवता येईल असा. त्याला लागूनच ‘हँगर १८’ येतं. पूर्वार्ध शब्दांचा, आणि मग शब्द संपतात आणि फ्रीडमन आणि मस्टेन आळीपाळीने सोलो वाजवत सुटतात, प्रत्येक वेळी चाल चढत जाते. सरळ क्रमाने ऐकलं तर एवढा गुंतागुंतीचा बँड सोपा होत गेल्याची हळहळ वाटते. उलट ऐकताना एकेक थर चढत जातो, वेग वाढत जातो, आणि ‘होली वॉर्स’ला तो गच्च भरतो.

शिवाय रंगमंचावर हा बँड स्वतः काय करतो? ‘पीस सेल्स’ आणि ‘होली वॉर्स’ शेवटासाठी राखून ठेवतो. २००८ च्या मार्चमध्ये बंगलोरला पॅलेस ग्राउंड्सवर मशीन हेड आणि मेगाडेथ आले होते, तेव्हा इथूनही रात्रभर प्रवास करून कितीतरी पोरं गेली होती, ती कुणी पहिल्या गाण्यासाठी गेली नव्हती. त्या न्यायाने सीडीचा उतरता क्रम मला आता अन्याय वाटत नाही. अन्याय वाटतो तो वाटणीचा. ‘क्रिप्टिक रायटिंग्ज’ला तीन आणि ‘पीस सेल्स’ या अख्ख्या अल्बमला एक? ‘वेक अप डेड’ नाही, ‘टॉर्नेडो ऑफ सोल्स’ नाही. ‘टॉर्नेडो’मधला फ्रीडमनचा सोलो वगळून या बँडचा संग्रह काढता कसा येतो, हे मला समजलेलं नाही. १९८५ चा पहिला अल्बम कॉम्बॅट कंपनीचा, त्यातलं एकही गाणं इथे नाही. म्हणजे मेटॅलिका या बँडमधून हाकललेला, न्यूयॉर्कहून लॉस एंजेलिसला बसने परत पाठवलेला मस्टेन ज्या संतापाने उभा राहिला, त्या संतापाचा पहिला आवाजच या सीडीवर नाही.

‘इन माय डार्केस्ट अवर’ची जागा मात्र अचूक. त्याचं संगीत मेटॅलिकाचा बेसवादक क्लिफ बर्टनच्या मृत्यूची बातमी कळल्यावर सुचलेलं, शब्द वेगळ्याच दुःखाचे. ‘होली वॉर्स’च्या धडाक्यानंतर ते संथ पावलांनी येतं आणि शेवटाकडे एकदम उसळतं. त्यानंतर ‘पीस सेल्स’चा बेस. एमटीव्हीच्या बातम्यांआधी वर्षानुवर्षं जो वाजायचा तोच. छोट्या स्पीकरवर हा बेस गुडघ्याएवढाच वाटतो, गाडीच्या दारातल्या स्पीकरवर तो दाराचं प्लास्टिक थरथरवतो. माझ्या गाडीचं डाव्या बाजूचं दार त्या वेळी खुळखुळायचं, पॅनेलचा स्क्रू आवळल्यावर थांबलं.

आता ज्या गोष्टीमुळे ही सीडी मी विकणार नाही ती सांगतो. २००४ साली मस्टेनने जुने अल्बम नव्याने मिक्स करून, म्हणजे वाद्यांचा आणि आवाजांचा तोल परत जुळवून काढले. ‘रस्ट इन पीस’मधल्या काही गाण्यांत तर मूळ टेपा न सापडल्याने गायन परत रेकॉर्ड केलं. ड्रम पुढे आले, आवाज चकचकीत झाला. ऑनलाइन हे अल्बम शोधले तर बहुतेक ठिकाणी तीच रूपं समोर येतात. ‘कॅपिटॉल पनिशमेंट’ २००० ची, त्या सगळ्या उलथापालथीच्या आधीची. ‘होली वॉर्स’ आणि ‘हँगर १८’ यात गिटार आणि ड्रम यांचा तोल तोच जुना आहे, कॅसेटवर झिजवलेला. भाच्याच्या फोनवरचं आणि सीडीवरचं ‘होली वॉर्स’ पाठोपाठ लावून पाहिलं. फोनवरच्यात ड्रम छातीवर येतात, सीडीवरच्यात दोन्ही गिटारी एकमेकींना घासत पुढे सरकतात आणि ड्रम त्यांच्या मागून हाकतात. मला दुसरं हवं. ते तीनशे रुपयांत कायमचं घरात आलं, याचं समाधान मोठं आहे.

तर घ्यावी का? मूळ मिक्सचा ‘रस्ट इन पीस’ आणि ‘पीस सेल्स’ घरात असतील तर फक्त ‘किल द किंग’साठी दोनशेच्या वर जाऊ नका. काहीच नसेल तर तीनशे-चारशेपर्यंत डोळे झाकून घ्या. पण सीडी मात्र डोळे उघडे ठेवून तपासा. सीडी आतून बाहेर वाचली जाते, म्हणजे पहिलं गाणं मधल्या भोकाजवळ आणि शेवटचं बाहेरच्या कडेला. बोटांचे डाग आणि ओरखडे जास्त करून कडेलाच पडतात. इतर संग्रहांत कडेला भरतीची गाणी असतात, गेली तर गेली. या सीडीत तिथेच ‘होली वॉर्स’, ‘डार्केस्ट अवर’ आणि ‘पीस सेल्स’ आहेत. विकणारा पहिलं गाणं लावून दाखवतो आणि म्हणतो, बघा, मस्त चालतेय. ते ऐकू नका. उजेडात तिरकी धरून कड बघा, आणि दुकानात उभं राहून बारावं आणि चौदावं गाणं पूर्ण वाजवायला लावा.