स्कोप स्ट्रेट घ्यावा की अँगल्ड? किनाऱ्यावर पक्षी मोजणाऱ्यांसाठी

गेल्या महिन्यात दोघांनी हेच विचारलं, म्हणून एकदा लिहूनच टाकतो. स्कोप म्हणजे ट्रायपॉडवर लावून लांबचे पक्षी बघायची एकनळी दुर्बीण; स्ट्रेटमध्ये आयपीस, म्हणजे डोळा लावायची बाजू, नळीच्या सरळ रेषेत असते, अँगल्डमध्ये वर वळलेली. मी आधी तीन सीझन स्ट्रेट वापरला, आता अँगल्डचा दुसरा सीझन चालू आहे. झूम किती, काच कुठली, हे सगळं तुम्ही बघून ठेवलंच असेल, त्यात मी पडत नाही. आणि फक्त भिगवणला, उजनी धरणाच्या पाण्यावरच, जाणार असाल तर जरा थांबा, तिथे निम्मा वेळ होडीत जातो आणि हलत्या होडीत कुठलाही स्कोप म्हणजे नुसतं ओझं, बायनॉक्युलर बास. खरा प्रश्न येतो तो समुद्रावर.

आम्ही पुण्याहून पहाटे तीनला निघतो आणि खोपोली-पेण-वडखळ करत अलिबागजवळच्या आक्षीच्या किनाऱ्यावर पोचतो. तारीख आपल्या हातात असेल तर तिथी बघून जायचं. कोकणातला जुना हिशोब आहे, तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ साधारण निघते, म्हणजे एकादशीला, शुद्ध असो की वद्य, सव्वाआठच्या आसपास. भरती पक्ष्यांना किनाऱ्याकडे रेटत आणते, ऊन आपल्या पाठीमागून असतं, हवा तापून थरथरायला लागलेली नसते, मोजायला याहून चांगली वेळ नाही (डब्यात मात्र सगळ्यांकडे साबुदाण्याची खिचडी असते आणि तिच्यात वाळू जाते, ते सोडा). जानेवारीतली आशियाई पाणपक्षी गणना, ती 1987 पासून चालू आहे, तिच्या तारखा ठरलेल्या असतात त्यामुळे भरती-ओहोटी पदरी पडेल ती. ओहोटी मिळाली तर पाणी पार लांब गेलेलं आणि सँड प्लोव्हर, ते किनाऱ्यावरचे छोटे पक्षी, म्हणजे ओल्या वाळूवरचे ठिपके, त्यातला ग्रेटर सँड प्लोव्हर कुठला ते चोचीच्या लांबी-जाडीवरून ठरवायचं तर स्कोपशिवाय जमतच नाही.

आता स्ट्रेट. त्याचं मोठं सुख हे की पक्षी पटकन सापडतो. जिकडे डोळा तिकडे नळी, विषय संपला. सुरय उडत चाललाय आणि त्याच्या मागे जायचंय, तर स्ट्रेटच. गाडीच्या काचेवर टेकवून बघायचं असेल किंवा उंच बांधावरून खाली बघायचं असेल, तरीही स्ट्रेटच. एकटे फिरत असाल तर मी काही बोलणार नाही, घ्या आणि मजा करा.

पण आम्ही एकटे नसतो ना. आमच्यात एक काकू आहेत, जेमतेम पावणेपाच फूट, कुरव पक्ष्यांमध्ये त्यांचा हात कोणी धरत नाही, आणि एक कॉलेजचा मुलगा आहे सहा फुटी. स्ट्रेटचा आयपीस डोळ्यासमोर यावा लागतो, म्हणजे प्रत्येक माणसागणिक ट्रायपॉड वर-खाली. घरी हॉलमध्ये हे काहीच वाटत नाही. किनाऱ्यावर ट्रायपॉडच्या पायाचा खालचा भाग ओल्या वाळूत रुतलेला असतो, तो आत सरकवला की वाळू लॉकमध्ये, आणि मग फिरवताना तो करकर आवाज, दातात खडा आल्यासारखा. तिसऱ्या वर्षी मिठाने एक पाय असा धरला की आत जाईना आणि बाहेर येईना. त्या दिवशी पाण्याच्या कडेला कालवफोड्यांचा थवा बसला होता, मी दहा-दहाचे गट करत साठपर्यंत आलो होतो, काकू म्हणाल्या, "अरे, मागच्या बाजूला काहीतरी वेगळं आहे, मला बघू दे." मी पाय खाली करायला वाकलो, लॉक अडकला, दोन्ही हातांनी पिळत बसलो, तेवढ्यात किनाऱ्यावरून एक घोडागाडी आली आणि अख्खा थवा उठून गेला. आकडा गेला आणि ते काहीतरी वेगळं काय होतं तेही कळलं नाही. काकू अजून काढतात तो विषय.

त्याच उन्हाळ्यात स्ट्रेट विकला.

अँगल्डमध्ये आयपीस 45 अंशात वर वळलेला, त्यामुळे ट्रायपॉड काकूंच्या उंचीला लावायचा आणि विसरायचं, बाकीचे थोडे वाकतात. खालचा भाग सारखा आत-बाहेर करावा लागत नाही, तो उघडाच ठेवून वरचे भाग कमी उघडले की लॉक वाळूपासून वर राहतात, आणि बुटका ट्रायपॉड वाऱ्यात कमी हलतो. मी काही मोजून बघितलेलं नाही, पण नऊनंतर खारा वारा सुटला की पूर्वी 40 एक्सला चित्र नाचायचं, आता 40 ला पक्ष्याच्या पायातला फ्लॅग, म्हणजे अभ्यासकांनी लावलेली रंगीत पट्टी, वाचता येतो, निदान त्याचा रंग तरी नक्की सांगता येतो. सुरूच्या शेंड्यावर समुद्री गरुड बसलेला असला तर मान मोडून घ्यावी लागत नाही, हा बोनस.

त्रास आहे, नाही असं नाही. पहिले पंधरा दिवस काहीही सापडत नाही, तुम्ही खाली बघताय आणि नळी समोर, डोकंच चालत नाही. मी नळीवर एक केबल टाय घट्ट बांधला आणि त्याचं शेपूट उभं ठेवलं, बंदुकीच्या माशीसारखं, त्यावरून नेम धरायचा आणि 20 एक्सवरच सुरुवात करायची. तरी उडत्या पक्ष्याच्या बाबतीत स्ट्रेटवाला मित्र अजून माझ्यापुढेच असतो, ते मान्य. हळूहळू हात बसतो.

ज्याचं त्याने ठरवावं, कोणाची पाठ कशी, कोणाची माणसं कशी. पण मोजायला तीन-चार जण मिळून जात असाल तर दुकानात स्ट्रेट डोळ्याला लावून, पक्षी किती पटकन सापडला, असं म्हणून लगेच भुलू नका. बरोबरच्यातल्या सगळ्यात बुटक्या माणसाला घेऊन जा.

आणि अँगल्ड घेतलात तर आयपीसची टोपी दोऱ्याने बांधून ठेवा, तो आभाळाकडे तोंड करून असतो, वाळू थेट काचेवर बसते. माझी पहिली टोपी आक्षीच्या किनाऱ्यावरच कुठेतरी आहे.