मॉक इंटरव्ह्यू सर्व्हिस: शेवटचं सेशन भारी, बाकी ठीकठाक

एका ऑनलाइन मॉक इंटरव्ह्यू सर्व्हिसचं पूर्ण पॅकेज घेतलं होतं, नाव मुद्दाम लिहीत नाही कारण पुढे तक्रार पण आहे. "स्वतःबद्दल सांगा", "तुमची कमजोरी काय" वगैरे सेशन्स तीच ती, यूट्यूबवर फुकट मिळतं तेवढंच. पण शेवटचं सेशन, ज्यात फक्त इंटरव्ह्यू संपवायची प्रॅक्टिस घेतात, ते एकदम वेगळं निघालं.

"तुम्हाला काही विचारायचंय का?" असं समोरून आलं की बरेच जण "नाही सर, सगळं क्लिअर आहे" म्हणून मोकळे होतात. कोच मॅडम तिथेच अडवतात. त्यांनी विचारायला लावलेला प्रश्न असा, की या जागेवर येणाऱ्या माणसाने पहिल्या तीन महिन्यांत काय करून दाखवलं पाहिजे? आणि खरी गंमत पुढे आहे, समोरच्याने उत्तर दिलं की त्यातलाच एक मुद्दा पकडून आपलं काम त्याला जोडायचं, म्हणजे ते म्हणाले रिपोर्ट वेळेवर निघत नाहीत तर आपण असं काही सावरलं असेल ते सांगायचं, पण दोन वाक्यांत, तिसरं सुरू झालं की मॅडम कट करतात!! यावरच सगळ्यात जास्त वेळ जातो आणि जायलाच हवा.

"मघाशी त्या प्रश्नाचं उत्तर अर्धवट राहिलं, थोडं जोडू का?" असं शेवटी विचारलेलं चालतं हेही तिथेच कळलं. मग पुढचा राउंड काय, साधारण कधीपर्यंत कळवाल, हे विचारून थँक यू म्हणायचं. व्हिडिओ कॉल असेल तर खिडकी पूर्ण बंद होईपर्यंत सुस्कारा सोडायचा नाही, रेकॉर्डिंगमध्ये ते फार विचित्र दिसतं 😅

आता तक्रारी. थिअरीच्या भागात मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन आणि सहकाऱ्यांचा 1993 चा प्रयोग सांगतात: 14 डिग्रीच्या गार पाण्यात 60 सेकंद हात, आणि दुसऱ्या वेळी तेवढंच अधिक 30 सेकंद जेव्हा पाणी हळूहळू 15 डिग्रीपर्यंत नेलं जातं, परत कुठलं कराल विचारल्यावर बहुतेकांनी लांबलेलं निवडलं, कारण शेवट जरा बरा होता. प्रयोग खराच आहे, पण त्यावरून "शेवटची पाच मिनिटंच सिलेक्शन ठरवतात" म्हणणं म्हणजे जरा जास्तच ताणणं झालं. टेक्निकल राउंड झोपला असेल तर गोड शेवटाने काय होणार?

"मला घेण्याबाबत काही शंका आहे का?" असंही विचारायला शिकवतात. मला नाही पटलं, समोरचा उगाच कोंडीत सापडतो. आणि नंतर पाठवायच्या मेलचं टेम्प्लेट तर अगदीच टाकाऊ, "आपल्या अमूल्य वेळेबद्दल" पासून सुरू होतं ते संपतच नाही, पॅनलमधल्या तिघांना तोच मेल गेला तर त्यांना कळणार नाही का? त्यापेक्षा एका दिवसाच्या आत चार-पाच ओळी, त्या माणसाशी जे बोलणं झालं त्यातल्या एखाद्या गोष्टीचा उल्लेख, बास.

सुटं सेशन मिळतं का ते आधी विचारा, मिळालं तर फक्त शेवटचं घ्या. आणि रेकॉर्डिंग लगेच डाउनलोड करा, काही दिवसांनी लिंक बंद पडते आणि सपोर्टवाले मेलला उत्तर देत नाहीत.