नेव्हिगेशनचा टच गेला, युनिट न बदलता फक्त काच बदलली: उन्हाळा-पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

गाडीतल्या नेव्हिगेशनचं चित्र स्वच्छ दिसतंय आणि फक्त टच गडबड करतोय, असं असेल तर अख्खं युनिट बदलायची घाई करू नका. टचची काच डिस्प्लेपासून वेगळी असेल तर ती एकटी बदलता येते आणि टिकतेही. मी फेब्रुवारीत बदलून घेतली. त्यानंतर पुण्याचा मे महिना आणि कोकणातला पावसाळा असं दोन्ही झालं, म्हणून आता खात्रीने लिहिते आहे.

गाडी २०१६ची, युनिट कंपनीतूनच बसवून आलेलं, सात इंची. दुखणं हळूहळू सुरू झालं. आधी उजव्या कडेची बटणं दाद देईनात. मग दुपारी उन्हात उभी असलेली गाडी सुरू केली, की कोणी हात न लावता आपोआप बटणं दाबली जायला लागली. नकाशा झूम होत होत समुद्रात जायचा, रेडिओचं स्टेशन बदलायचं, आणि एकदा कात्रजच्या चढावर ट्रकच्या मागे असताना ब्लूटूथवरून शेवटच्या नंबरला फोनही लागला. संध्याकाळी काच गार झाली की सगळं सुरळीत. त्यामुळे सर्व्हिस सेंटरला सकाळी गाडी नेली की "मॅडम, प्रॉब्लेम येतच नाहीये" हेच ऐकायला मिळायचं. शेवटी भर दुपारी व्हिडिओ काढून दाखवला, तेव्हा कोटेशन आलं: पूर्ण युनिट, अडतीस हजार. टच वेगळा मिळत नाही, असेंब्लीच बदलावी लागते, असं सांगण्यात आलं. चित्र उत्तम, आवाज उत्तम, रिव्हर्स कॅमेरा उत्तम, आणि एका काचेपायी हे सगळं भंगारात घालायचं, हे मला पटेना.

आधी आपला टच कोणत्या जातीचा आहे ते ओळखा. पेनाच्या टोपणाने किंवा नखाने दाबून बघा. त्याने चालत असेल तर तो रेझिस्टिव्ह, म्हणजे दाबावर चालणारा. फक्त उघड्या बोटाने चालत असेल तर मोबाईलसारखा कपॅसिटिव्ह. माझा पहिल्या जातीचा होता. त्यात खाली काच आणि वर लवचिक फिल्म असते. दोन्हींच्या आतल्या बाजूला इंडियम टिन ऑक्साइडचा पारदर्शक थर असतो, त्यातून वीज वाहते. मध्ये अगदी बारीक ठिपके असतात, ते दोन थरांना एकमेकांपासून दूर ठेवतात. आपण दाबतो तेव्हा फिल्म वाकून खाली टेकते, आणि तिथल्या व्होल्टेजवरून युनिटला कुठे दाबलं ते कळतं. वर्षानुवर्षं डॅशबोर्डवर ऊन खाऊन फिल्म फुगते, कडेचा गोंद सैल होतो आणि ती आपली आपणच खाली टेकते. दुरुस्तीवाले याला घोस्ट टच म्हणतात. दुपारीच का होतं, याचं उत्तर यातच आहे.

नाना पेठेतल्या एका ॲक्सेसरीजवाल्याकडून युनिट बाहेर काढून घेतलं आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या तपकीर गल्लीत नेलं. तिथल्या दुरुस्तीवाल्या दादांनी काचेतून निघणाऱ्या फ्लॅट केबलच्या चार पट्ट्यांना मल्टिमीटर लावला. समोरासमोरच्या एका जोडीला काहीशे ओहम रोध दाखवत होता, तेवढे यायलाच हवेत. दुसऱ्या जोडीचा आकडा मात्र काच जराशी दाबली तरी उड्या मारत होता. "ताई, डिस्प्ले ठणठणीत आहे, वरचं ग्लास गेलंय," ते म्हणाले. एवढं निदान सर्व्हिस सेंटरमध्ये कोणी केलं नव्हतं.

पुढचं काम मी समोर बसून पाहिलं. हॉट एअर गनने कडा गरम करून, नायलॉनचा पातळ दोरा आत सरकवत त्यांनी जुनी काच सोडवली. गोंदाचे चिकट धागे आयपीएने, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोलने, पुसून काढले. नवीन काच लावायच्या आधी दुकानाचा पंखा बंद केला, डिस्प्लेवर टॉर्च तिरका धरून एकेक कण ब्लोअरने उडवला आणि मगच फिल्मचं शेवटचं आवरण सोलून ती काच एका कडेपासून खाली टेकवत नेली. ही पाच मिनिटंच खरी महत्त्वाची. घाईने बसवलेल्या काचेखाली धूळ अडकली, की ती रात्री गाडी चालवताना ताऱ्यांसारखी चमकत राहते. माझ्याकडे डाव्या खालच्या कोपऱ्यात एक कण राहिला आहे. तो फक्त काळ्या पडद्यावर दिसतो, त्याचा त्रास नाही.

काच १,६००, मजुरी १,२००, युनिट काढणं-बसवणं ५००. नुसतं "सात इंची" सांगून काच आणू नका. फ्लॅट केबलवरचा नंबर, काचेची लांबी-रुंदी आणि केबल कोणत्या बाजूने बाहेर येते, हे तिन्ही जुळलं पाहिजे. युनिट काढण्याआधी सिक्युरिटी कोड मॅन्युअलमधून लिहून घ्या. बॅटरी सुटली की काही युनिट कोड मागतात आणि तो नसेल तर कुलूप लावून बसतात.

आता वापराबद्दल. बसवल्यावर कॅलिब्रेशन केलं, म्हणजे पडद्यावर येणाऱ्या अधिकच्या (+) खुणांवर नेमकं दाबत गेले. मेमध्ये गाडी ऑफिसच्या उघड्या पार्किंगमध्ये असायची, तरी भलतीकडे टच एकदाही झाला नाही. उन्हाळा संपता संपता खुणा थोड्या सरकल्यासारख्या वाटल्या, पुन्हा कॅलिब्रेट केलं, जागेवर आल्या. पावसाळ्यात ताम्हिणीच्या धुक्यातून माहेरी महाडला जाणं-येणं झालं, आत दमट वाफ धरली नाही. मूळ काचेपेक्षा ही किंचित जास्त दाब मागते, हा एक उणेपणा. दुसरा म्हणजे वरची फिल्म मऊ आहे. अंगठीचा ओरखडा पडला, त्यानंतर मॅट स्क्रीनगार्ड लावला. तो पहिल्या दिवशीच लावायला हवा, उन्हातली चकाकीही कमी होते.

काच नवी झाली तरी नकाशा जुनाच राहतो, हेही स्पष्ट सांगते. माझ्या युनिटचा नकाशा एसडी कार्डावर आहे आणि त्याचं अपडेट आता येत नाही. समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ला सुरू झाला, तो या नकाशात नाही. सावंगीला समृद्धीवर चढून कारंज्याला निघालो, की बाण सगळा वेळ शेतातून पळतो आणि बाई बिचारी दर थोड्या वेळाने परत फिरायला सांगते. अशा प्रवासात मी सरळ फोन स्टँडला लावते. नियमात तशी मुभा आहे: १ ऑक्टोबर २०२०पासून हातातला फोन गाडी चालवताना फक्त रस्ता पाहण्यासाठी, लक्ष विचलित होणार नाही अशा पद्धतीने वापरता येतो.

घाटात मात्र जुनं युनिट उपयोगी पडतं. ताम्हिणीत बराच पट्टा रेंज नसते. जीपीएसला इंटरनेट लागत नाही, नकाशा कार्डावर असल्याने बाण चालत राहतो. फोनवरही हे जमतं, पण ऑफलाइन नकाशा घरूनच उतरवून ठेवावा लागतो आणि तो मधून मधून ताजा करावा लागतो.

धाकट्या दिरांनी याच काळात त्यांच्या गाडीत नऊ इंची अँड्रॉइड स्टिरिओ बसवला. पडदा मोठा, नकाशा ताजा, हे मान्य. पण बसवणाऱ्याने कपलर, म्हणजे मूळ वायरिंगला बसणारा तयार प्लग, न वापरता वायरी कापल्या, स्टीअरिंगवरची बटणं निम्मी चालतात, आणि चार दिवस गाडी उभी राहिली की बॅटरी उतरते. एसीसी, म्हणजे चावी फिरवल्यावरच वीज देणारी वायर, आणि कायम बॅटरीची वायर उलटसुलट जोडली असेल, तर चावी काढल्यावरही युनिट पूर्ण झोपत नाही. दिरांकडे सध्या त्याचीच तपासणी चालू आहे. तुमचा डिस्प्लेच गेला असेल, मदरबोर्ड गेला असेल किंवा काच डिस्प्लेला पक्की चिकटवलेली असेल, तर मात्र नवीन युनिटच बरं. तेव्हा तुमच्याच मॉडेलचा कपलर आणि कॅन बॉक्स (स्टीअरिंगवरच्या बटणांचे संदेश नव्या युनिटला समजावणारी डबी) मागा, मूळ वायरिंगला कटर लावू देऊ नका, आणि जुनं युनिट माळ्यावर जपून ठेवा. गाडी विकताना ते परत बसवता येतं.

काच बदलणाऱ्यांनी दुकानातून निघण्याआधी इंजिन चालू करून, हीटर लावून, डॅशबोर्ड तापू द्यावा आणि चारही कोपरे दाबून पाहावेत. दादांनी मला तीन महिन्यांची बोली दिली होती, ती बिलावर लिहून घेतली. जुनी काच आणि तिच्यावरचा नंबरही घरी आणला आहे, पुढच्या वेळी तीच दाखवून नवीन मागवता येईल.