चेंबर तुंबलंय: क्षेत्रीय कार्यालय, नगरसेवक की आमदार?

जानेवारी २०२६ मध्ये पुणे महापालिकेची निवडणूक झाली आणि जवळजवळ चार वर्षांनी शहराला पुन्हा नगरसेवक मिळाले. आधीच्या सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्येच संपली होती आणि तेव्हापासून कारभार प्रशासकाकडे होता. त्या काळात आपल्याला एक सवय लागली. काहीही बिघडलं की अर्ज घेऊन आमदारांकडे जायचं, कारण जवळचा दुसरा लोकप्रतिनिधीच नव्हता. आता तिन्ही दारं उघडी आहेत. कुठलं ठोठवायचं हे ठरवताना मी एवढंच बघते की त्या कामाच्या कागदावर शेवटची सही कोणाची लागते.

जे आधीपासून आहे पण बिघडलंय, त्यासाठी क्षेत्रीय कार्यालय, म्हणजे महापालिकेचं आपल्या भागातलं कार्यालय. ड्रेनेजचं तुंबलेलं चेंबर, बंद पडलेला पथदिवा, न उचललेला कचरा यांना कोणाच्याही शिफारसपत्राची गरज नाही. शहरात अशी १५ कार्यालयं आहेत आणि प्रत्येकाचे प्रमुख सहायक आयुक्त असतात. पण तुमचं काम बहुतेक वेळा कनिष्ठ अभियंता करतो आणि कचऱ्याचं असेल तर आरोग्य कोठीवरचा, म्हणजे सफाई कर्मचाऱ्यांच्या हजेरीच्या जागेवरचा, मुकादम.

हे मी चूक करून शिकले. गेल्या पावसाळ्यात आमच्या इमारतीसमोरचं ड्रेनेज उलटं वाहायला लागलं. फाटकाच्या आत घोट्याएवढं पाणी, शाळेची मुलं विटांवरून उड्या मारत बाहेर पडत होती. आम्ही चौघीजणी थेट आमदारांच्या संपर्क कार्यालयात गेलो. तिथल्या मुलानं नीट ऐकून घेतलं, लेटरहेडवर पत्रही दिलं. ते पत्र दोन दिवसांनी ज्या टेबलावर पोचलं, ते टेबल आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर होतं. शिवाय पत्रात फक्त सोसायटीचं नाव. कोणतं चेंबर, कोणत्या खांबासमोर, काहीच नाही. शेवटी मी स्वतः फोटो घेऊन गेले, जागा दाखवली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्याच्या जोरानं ड्रेनेज मोकळं करणारी जेटिंगची गाडी आली. आमचे ते दोन दिवस आम्हीच वाया घालवले.

नवीन काही हवं असेल, म्हणजे वाढीव ड्रेनेज लाइन, पदपथ, बागेची भिंत, तर मात्र क्षेत्रीय कार्यालयात कितीही चकरा मारा, ‘तरतूद नाही’ हेच उत्तर मिळेल आणि ते खरंही असेल. इथे नगरसेवक. पैसा अंदाजपत्रकातून येतो आणि प्रभागातली छोटी कामं बहुधा ‘स’ यादीत, म्हणजे नगरसेवकांनी सुचवलेल्या कामांच्या यादीत असतात. मार्चमध्ये मागणी करून उपयोग नाही, तोवर यादी ठरलेली असते. दिवाळीच्या आधीच अर्ज द्या. नागरिकांनी थेट अंदाजपत्रकात कामं सुचवण्याची सोयही पुण्यात २००६ पासून आहे, ती फार कमी लोक वापरतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

अडचण एकच. मुंबईत २२७ प्रभाग आणि प्रत्येकाला एक नगरसेवक. पुण्यात ४१ प्रभागांत १६५ नगरसेवक, म्हणजे बहुतेक ठिकाणी चार. चौघांचं काम ते कोणाचंच नाही, असं होऊ शकतं. म्हणून एकच मजकूर चौघांनाही द्या, अर्जावर चौघांची नावं लिहा आणि प्रत्येकाकडून पोच घ्या. आपला भाग कोण बघतो ते आठवड्याभरात कळतं.

आमदारांचा स्थानिक विकास निधी वर्षाला ५ कोटी, तो जिल्हाधिकाऱ्यांमार्फत खर्च होतो. एवढ्या मोठ्या मतदारसंघात त्यातून आपल्या गल्लीला किती येणार? आमदारांची खरी ताकद निधीत नाही, मंत्रालयात आणि विधानसभेत आहे. स्वतः राहत असलेल्या घराच्या मिळकतकरातली ४० टक्के सवलत पुणेकरांना २०२३ मध्ये परत मिळाली, ती राज्य मंत्रिमंडळाच्या निर्णयानं. विकास आराखड्यातलं आरक्षण बदलायचं तर अंतिम मंजुरी राज्य सरकारची. महावितरण राज्याचं, वाहतूक पोलीसही राज्याचेच. कोथरूडकरांना जवळचा असलेला चांदणी चौकातला पूल राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणानं बांधला, तिथली तक्रार नगरसेवकांकडे नेली तर ते सहानुभूतीपलीकडे फार काही देऊ शकत नाहीत. अशा ठिकाणी खासदार आणि आमदार.

सगळ्यात जास्त गोंधळ पाण्याचा होतो, कारण ‘पाणी येत नाही’ या एका वाक्यात तीन वेगवेगळ्या तक्रारी असतात. शेजारच्या इमारतीत येतंय आणि फक्त तुमच्याकडे नाही, तर व्हॉल्व्ह किंवा जोडणीचा प्रश्न आहे, पाणीपुरवठ्याच्या अभियंत्याला गाठा. अख्ख्या गल्लीला कायमच करंगळीएवढी धार असेल, तर लाइन अपुरी आहे, तिथे तरतूद लागेल, म्हणून नगरसेवक. आणि शहरभर कपात असेल, तर खडकवासल्यातून शहराला किती आणि शेतीला किती हा विषय जलसंपदा विभाग आणि कालवा समितीचा, तिथे आमदारांनीच बोलायला हवं. म्हणून अर्ज लिहायच्या आधी शेजारच्या दोन इमारतींत जाऊन नळ सोडून बघा.