रब्बी ज्वारी : संकरित, सुधारित की मालदांडीच?

खरिपात हा प्रश्न फारसा उरलेला नाही. सीएसएच 9, 14, 16 या संकरित वाणांनी तिथे गावरान ज्वारीला उत्पादनात केव्हाच मागे टाकलं. पावसात सापडली की ही संकरित ज्वारी काळी पडते, ही तिची दुखरी बाजू. रब्बीचं गणित मात्र निराळं आहे. मोहोळला निवड पद्धतीने तयार झालेली मालदांडी 35-1 इतक्या वर्षांनंतरही सोलापूर, मंगळवेढा भागात टिकून आहे, आणि ती सवयीपोटी टिकलेली नाही.

रब्बीच्या संकरित वाणांचं, म्हणजे सीएसएच 15 आणि 19 यांचं, बी दरवर्षी विकत घ्यावं लागतं. फुलोऱ्यात कडाक्याची थंडी पडली तर कणसात दाणे नीट भरत नाहीत. भाकरीसाठी गिऱ्हाईक टपोरा, चमकदार दाणा शोधतं, तोही मालदांडीकडे आहे. भारी जमीन आणि हमखास पाणी असेल तरच संकरितचा विचार करावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

खरी चुरस मालदांडी आणि राहुरी कृषी विद्यापीठाच्या सुधारित, म्हणजे घरचं बी राखता येणाऱ्या, वाणांत आहे. मालदांडी कोरडवाहूत हेक्टरी साधारण 15 ते 18 क्विंटल देते. फुले सुचित्रा मध्यम जमिनीत 24 ते 28, फुले वसुधा भारी कोरडवाहूत 25 ते 28, तर फुले रेवती भारी बागायतीत 40 ते 45 क्विंटलपर्यंत जाते. फुले अनुराधाचा आकडा जेमतेम 8 ते 10 क्विंटल. पण तेवढ्यावरून तिला नाकारू नका. हा वाण हलक्या, फूटभर खोलीच्या जमिनीसाठीच आहे, 105 ते 110 दिवसांत निघतो. तिथे रेवती पेरली तर ओल आधी संपेल आणि खडखड्या रोगाने ताटं लोळतील. (हे आकडे हेक्टरी आहेत, एकरी काढायला अडीचने भागा.)

कडबा सोडून तुलना करू नका. दावणीला जनावरं असतील तर दोन क्विंटल दाणे कमी देणारा पण भरपूर, गोड कडबा देणारा वाण उन्हाळ्यात जास्त कामाला येतो.

गावातलं प्रात्यक्षिक बघताना विचारा: सगळे वाण एकाच तुकड्यात, एकाच दिवशी पेरले होते का? एकाला संरक्षित पाणी (ताण पडल्यावर दिलेली एखादी पाळी) मिळालं आणि दुसऱ्याला नाही, तर ती तुलनाच नव्हे. बांधालगतच्या तासांना (ओळींना) उजेड आणि ओल जास्त मिळते, त्यांची कणसं मोजणीत धरू नयेत. लवकर पक्व होणाऱ्या वाणावर शिवारातली सगळी पाखरं आधी तुटून पडतात, त्यामुळे लहान पट्ट्यात तो हकनाक मागे दिसतो. कणसं उन्हात नीट वाळवूनच दाणे तोलायचे, नाहीतर ओलाव्याचं वजन उत्पादन म्हणून गणलं जातं.

स्वतःच्या रानात पडताळायचं तर प्रत्येक वाणाचा मधला एक गुंठा वेगळा काढून मळा. 25 किलो दाणे भरले तर एकरी 10 क्विंटल. गुंठ्याला जितके किलो, हेक्टरी जवळपास तितकेच क्विंटल. कडबाही त्याच गुंठ्यातला तोला. एवढं एक हंगाम केलंत, की पुढच्या सप्टेंबरात तिफणीत कोणतं बी घालायचं ते दुकानदाराला विचारावं लागणार नाही.