नोर्डलिंगेनची कांस्य तलवार आणि माहुरझरीचं लोखंड

जून 2023 मध्ये जर्मनीत बव्हेरियातल्या नोर्डलिंगेनला एक कांस्य तलवार सापडली. इ.स.पू. 14व्या शतकाच्या अखेरची. अष्टकोनी मुठीची ही तलवार इतकी शाबूत आहे की अजूनही जवळजवळ चकाकते. थडग्यात तिघे होते: पुरुष, स्त्री आणि एक किशोरवयीन. तिघांनाही थोड्याच काळात, एकामागून एक पुरलेलं. मूठ थेट पात्यावर ओतलेली, हे काम मोजक्याच कारागिरांना जमायचं. कांस्यावर धरणारा हिरवा थर आतला धातू जपतो, म्हणून अशी वस्तू हजारो वर्षं टिकते.

आता आपल्या नागपूरकडे या. माहुरझरीच्या शिळावर्तुळांत, म्हणजे भोवती मोठे दगड गोलाकार मांडलेल्या प्राचीन दफनांत, लोखंडी खंजीर मिळाले, काहींच्या मुठी तांब्याच्या. गंजानं लोखंड फुगतं, पापुद्रे सुटतात, धार ओळखूच येत नाही. देखणेपणात तलवार सरस, यात वाद नाही.

पण माणसं कशी जगत होती हे विचाराल, तर मी माहुरझरीच्याच बाजूनं. इथं घोडेही पुरलेले सापडले, त्यांच्या तोंडावर तांब्याचे दागिने. आणि जिल्ह्यातच नायकुंडला लोखंड गाळायची भट्टी मिळाली. म्हणजे हत्यार, घोडा आणि भट्टी, सगळं एकाच मुलखात! बव्हेरियाच्या त्या एका थडग्यातून एवढं कळत नाही.

काटोल रोडवर जुनापाणीची शिळावर्तुळं आहेत. तिथं जाल तेव्हा दगडांवर चढू नका, आणि मुलांनाही चढू देऊ नका.